मंदीच्या दिवसांत कोल्हापुरात काम शोधताना

बीड, लातूर, सोलापूर, निपाणी किंवा कोकणातून कुणी कोल्हापुरात कामासाठी आलं की त्याच्या डोक्यात बहुधा एकच पत्ता असतो, एमआयडीसी. मंदीत नेमकं तेच दार आधी लोटलं जातं. इथला मोठा धंदा ओतकामाचा, म्हणजे फौंड्रीचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून निघणारं कास्टिंग गाड्या, ट्रॅक्टर, पंप, इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यांना जातं. त्यांनी मागणी थोडी कमी केली तरी इथली तिसरी पाळी बंद होते, सुट्टीचा एक दिवस वाढतो आणि ठेकेदाराची पोरं घरी बसतात. २०१९ साली देशात गाड्यांचा खप घसरला तेव्हा कोल्हापूरनं हे चांगलंच अनुभवलं.

पण फौंड्री थंडावली म्हणून सगळं कोल्हापूर थंडावत नाही. दुधाचं, साखरेचं, कापडाचं, चांदीचं, दवाखान्यांचं आणि अंबाबाईला येणाऱ्या भाविकांचं गणित वेगवेगळं चालतं. म्हणून शहरात उतरल्यावर ‘जागा कुठं आहे’ हे विचारण्याआधी ‘या महिन्यात कुठला धंदा चालू आहे’ हे विचारायचं.

गाडीत बसण्याआधी

आधार, पॅन, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय किंवा डिप्लोमाची गुणपत्रकं आणि जुन्या कामाचं अनुभवपत्र या सगळ्याच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एका फाईलमध्ये ठेवा. मूळ कागद सोबत असू द्या, पण कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत. ‘ओरिजिनल जमा करा, मग कामाला घेतो’ असं म्हणणाऱ्याकडं थांबायचंच नाही.

आधी कुठं पीएफ कापला गेला असेल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, शोधून लिहून ठेवा. तो माणसागणिक एकच असतो. नव्या ठिकाणी ‘पीएफ नंबर नाही’ असं सांगितलं की दुसरं खातं उघडलं जाऊ शकतं आणि पुढं दोन्ही खाती जोडताना जीव मेटाकुटीला येतो. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर बरोबर आहे ना, तेही गावातच बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर दोन महिन्यांचं खाणं-राहणं निघेल एवढी रक्कम सोबत हवी. चांगल्या दिवसांत एक महिना पुरतो. मंदीत काम लागायला वेळ लागतो, आणि लागल्यावर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेलाच हातात पडतो. जवळ पैसे नसले की माणूस ठेकेदाराकडून उचल घेतो. एकदा उचल घेतली की काम कितीही वाईट असलं तरी फिटेपर्यंत सोडता येत नाही.

राहायचं कुठं

आल्या आल्या खोली घेऊ नका. शिरोली एमआयडीसी शहराच्या उत्तरेला पुण्याच्या रस्त्यावर आहे, गोकुळ शिरगाव दक्षिणेला बेंगळुरूच्या रस्त्यावर आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत त्याच्याही पुढं. डिपॉझिट भरून शिरोलीजवळच्या नागावात खोली घेतली आणि काम कागलला लागलं तर रोजचे दोन-तीन तास रस्त्यावरच जातात. सुरुवातीचे दिवस ओळखीच्या कुणाकडं काढा, नाहीतर कॉट बेसिसवर राहा. राजारामपुरी आणि शाहूपुरीत अशा जागा सापडतात आणि मासिक मेसही जवळच असते. काम पक्कं झालं की त्या बाजूला सरका. शिरोलीसाठी नागाव आणि शिये, गोकुळ शिरगावसाठी उचगाव, सरनोबतवाडी किंवा उजळाईवाडी, पंचतारांकितसाठी कागल.

खोली बघताना भाड्याच्या जोडीनं एक प्रश्न विचाराच, ‘पुराचं पाणी इथपर्यंत येतं का?’ पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ ला मोठे पूर आले. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं शहर हे आकडे फोनवर बघत असतं. मोठ्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद होतो. तुम्ही शहरात आणि कारखाना पलीकडं असेल तर तितक्या दिवसांची हजेरी गेली. महिन्यावर पगार असणाऱ्याला हे एक वेळ चालतं, रोजंदारीवाल्याला नाही.

सुरुवात उद्यमनगरातून

हे माझं ठाम मत आहे, आणि एमआयडीसीत काम करणारे अनेकजण याच्याशी सहमत होणार नाहीत. नवख्यानं पहिला आठवडा शिवाजी उद्यमनगरात घालवावा. राजारामपुरीला लागून असलेली ही जुनी औद्योगिक वस्ती. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं लेथ फिरतायत. आज गल्लीगल्लीत छोटे वर्कशॉप आहेत. कुठं टर्निंग, कुठं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन), कुठं पॅटर्न, कुठं गिअर कटिंग, कुठं नुसतं वेल्डिंग.

मोठ्या कारखान्यात तुमची गाठ फक्त वॉचमनशी पडते. तो अर्ज घेतो, रजिस्टरमध्ये नाव लिहितो आणि तिथंच विषय संपतो. उद्यमनगरात मालक स्वतःच मशिनवर उभा असतो. ‘काम बघायला आलोय’ म्हटलं की तो वर बघतो आणि विचारतो, ‘कुठनं आलास? कुणाचं नाव सांगितलंय?’ हा प्रश्न कोल्हापुरात प्रत्येक दारात भेटणार. ओळख नसेल तर बिचकू नका आणि कुणाचं नाव खोटं सांगू नका. इथं अर्ध्या तासात पडताळणी होते. गाव, शिकलेला ट्रेड आणि आधी कुठल्या मशिनवर होता ते एका दमात सांगा. ‘मिळेल ते काम करीन’ हे वाक्य टाळा, ते ऐकून कुणी काम देत नाही. ‘फानुक कंट्रोलवर दोन वर्षं होतो, सेटिंग येतं, प्रोग्रॅम वाचता येतो पण लिहिता येत नाही’ हे ऐकल्यावर मालक मशिन बंद करून बोलायला येतो.

मग बहुधा तो एक जॉब, म्हणजे मशिनवर केलेला भाग, आणि मायक्रोमीटर हातात देईल आणि म्हणेल, ‘ह्यो बोअर मोज बघू.’ बोअर म्हणजे त्या भागातलं भोक. ही तुमची मुलाखत. ड्रॉइंग वाचणं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरवर अचूक माप घेणं, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) समजणं एवढं पक्कं असेल तर सर्टिफिकेट कुणी बघतही नाही. कच्चं असेल तर येण्याआधी गावातल्या आयटीआयच्या मास्तरांकडं चार दिवस बसा.

जायची वेळ सांभाळा. सकाळी काम वाटायची गडबड असते, तेव्हा कुणी तोंड वर करून बघत नाही. जेवणानंतर किंवा संध्याकाळच्या चहाला जा. जागा नसेल तर ‘बरं’ म्हणून निघू नका. ‘कुणाकडं असेल?’ एवढं विचारा. छोटे मालक एकमेकांची कामं करून देतात, कुणाचा ऑपरेटर पळालाय हे त्यांना ठाऊक असतं. ‘त्या कोपऱ्यावरच्या पाटलांकडं जा, माझं नाव सांग’ असं कुणी म्हणालं की तुमची ओळख तयार झाली. ती घेऊन पुढचं दार ठोठवायचं.

वर्कशॉपचा पगार एमआयडीसीपेक्षा कमी असतो, पीएफही अनेक ठिकाणी नसतो. तरी मंदीत इथं दोन गोष्टी मिळतात. एकच माणूस तीन मशिनवर हात चालवायला शिकतो, आणि मोठ्या कारखान्यात ऑर्डर परत येते तेव्हा ‘अमुकांकडं होतो’ हे सांगता येतं.

बोलण्यावरून एक सांगतो. कोल्हापुरी माणूस मोठ्यानं बोलतो, पहिल्या भेटीत एकेरीवर येतो आणि वाक्याच्या शेवटी ‘की’ लावतो. ‘बस की’, ‘सांग की’. पुण्याहून आलेल्यांना हे अंगावर आल्यासारखं वाटतं. ते रागावलेले नसतात. रागावलेला कोल्हापुरी ‘तुम्ही’ म्हणायला लागतो.

एमआयडीसीच्या गेटवर

तरीही एमआयडीसीत जायचंच आहे, तर गेटवर अर्ज देण्याआधी बाहेरच्या चहाच्या गाड्यावर थांबा. पाळी सुटायच्या वेळेला जा आणि बाहेर येणाऱ्यांना विचारा, ‘ओटी चालू झाली का?’ ऑर्डर वाढली की कारखाना लगेच नवी माणसं घेत नाही. आधी आहेत त्यांनाच ओव्हरटाईम देतो. तो काही आठवडे टिकला की ठेकेदाराला हेल्पर आणायला सांगतो आणि त्यानंतर कुठं कंपनीच्या रोलवर भरती होते. ज्या गेटवर ओटी चालू आहे तिथं नंबर देऊन ठेवा आणि आठवड्यानं परत जा. जिथं पाळ्या कमी झाल्यात तिथं अर्जाची झेरॉक्ससुद्धा वाया.

दुसरा प्रश्न, ‘माल कशाचा?’ सगळ्या फौंड्र्या एकाच वेळी बसत नाहीत. कुणाचं काम ट्रकवर अवलंबून, कुणाचं ट्रॅक्टरवर, कुणाचं पंपावर, कुणाचं निर्यातीवर. २०२०-२१ मध्ये देशात मोटारी आणि ट्रकची विक्री घसरली असताना ट्रॅक्टरची विक्री वाढली होती. एकाच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांत एकीकडं सक्तीची सुट्टी आणि दुसरीकडं रविवारी काम, असंही असू शकतं.

फौंड्रीत नवख्याला बहुधा फेटलिंगला घालतात, म्हणजे कास्टिंगची जादा धार ग्राइंडरनं काढायचं काम. ते अंगमोडीचं आणि धुळीचं असल्यामुळं माणसं टिकत नाहीत आणि मंदीतही तिथं जागा निघत राहते. शिरायला हे दार बरं आहे, पण त्यात वर्षानुवर्षं अडकू नका. वाळूच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस होतो आणि खराब झालेलं फुफ्फुस पुन्हा नीट होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मास्क आणि गॉगल मागून घ्या, मिळत नसेल तर स्वतःच्या पैशानं आणा. शिवाय कोअर शॉप, मोल्डिंग (ही साच्यांची खाती) किंवा क्वालिटीत सरकायचंय हे सुपरवायझरच्या कानावर घालत राहा.

शिरोलीत ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावात ‘गोशिमा’ आणि उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्या नोकऱ्या वाटत नाहीत, पण कुशल माणूस कुणाला हवाय याची चर्चा तिथं चालते. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यानं एकदा डोकावायला हरकत नाही.

आयटीआय नुकतं झालं असेल तर अप्रेंटिसशिपचा मार्ग धरा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळं भरती बंद असली तरी हे दार थोडं उघडं राहतं. कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करा आणि केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवरही नाव घाला, तिथं रोजगार मेळाव्यांची माहिती येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं होतं. अर्ज चालू असतील तर भरा, पण ते ठरावीक महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे.

कारखान्याच्या बाहेर

लोखंडाचं काम येत नसेल किंवा करायचं नसेल तर बाकीचं कोल्हापूर आहेच.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो, गुऱ्हाळंही त्याच सुमारास. हंगामी जागा बहुतेक सभासदांच्या गावांतूनच भरतात, बाहेरच्याला तिथं वाव कमी. पण हंगाम संपल्यावर कारखाना खोलून दुरुस्तीला काढतात, तेव्हा ठेकेदारांना वेल्डर, फिटर आणि रिगर (जड यंत्रं उचलून हलवणारे) लागतात. उन्हाळ्यात हातात वेल्डिंग होल्डर धरता येत असेल तर तिकडं बघा.

इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर आहे. यंत्रमागावर मजुरी ‘पिक’वर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळते, जेवढं कापड विणलं तेवढे पैसे. कापडाला उठाव नसला की माग बंद आणि मजुरीही बंद. स्वतःचं सूत नसलेला, दुसऱ्याचं कापड विणून देणारा खर्चीवाला मालक मंदीत आधी अडचणीत येतो. कामाला लागताना मालक खर्चीवाला आहे का, हे विचारून घ्या. हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं, पण माल वजनावर दिला-घेतला जातो. अनोळखी माणसाच्या हाती चांदी कुणी देत नाही, जामीन राहणारा लागतो.

गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, महाद्वार रोड आणि राजारामपुरीतली दुकानं गणपतीपासून दिवाळीपर्यंत जादा माणसं ठेवतात. दुकानदाराला कॉम्प्युटरवर बिल करणारा आणि मोजमापात न चुकणारा माणूस हवा असतो. दिवाळीनंतर अर्ध्या मुलांना ‘बघू’ म्हणून घरी पाठवतात, पण गोडाऊनचा हिशेब ज्याला कळला तो राहतो. हॉटेलं आणि खानावळींत जेवण-राहणं मिळतं, पगार कमी आणि तास लांब. पहिला महिना डोकं टेकायला ठीक आहे. दवाखान्यांना मंदी फारशी जाणवत नाही. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसी शिकलेल्यांनी आणि वॉर्डात काम करायची तयारी असलेल्या बायकांनी खासगी दवाखान्यांत थेट मेट्रन किंवा अॅडमिन ऑफिसला भेटावं.

बांधकामावर काम करणार असाल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून कुठल्या साइटवर किती दिवस होता ते पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

ठेकेदाराला विचारायचे प्रश्न

मंदीत थेट कंपनीच्या रोलवर कुणी घेत नाही, ठेकेदारामार्फतच जावं लागतं. त्यात कमीपणा नाही, पण कामाला उभं राहण्याआधी हे विचारा. सांगितलेला पगार आठ तासांचा की बारा तासांचा? हा प्रश्न न विचारल्यामुळं निम्मी भांडणं होतात. ओटी सिंगल की डबल? कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात काय देणार ते तोंडावर विचारा. साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? ती रविवारीच असते असं धरू नका. पगार खात्यावर की रोख? रात्रपाळीला गाडी आहे का? केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, शिरोली आणि गोकुळ शिरगावला जाते, पण रात्री उशिरा पाळी सुटल्यावर तिची वाट बघू नका.

पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापणार का, हेही विचारा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के घालतो आणि कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय होते. काही पोरं ‘कापू नका, हातात द्या’ म्हणतात. मशिनमध्ये बोट गेल्यावर त्यांना ईएसआय आठवतो.

इथं पैसे देऊ नका

काम देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागितले की तिथून उठायचं. युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गेटपासचे पैसे, नाव काहीही असो. सहकारी संस्थेत ‘संचालकांच्या कोट्यातून कायम करतो, लाखभर दे’ असं सांगणारे चांगल्या दिवसांतही फिरतात, मंदीत त्यांची संख्या वाढते. शेत गहाण टाकून असे पैसे दिलेली घरं पंचक्रोशीत सापडतील. फोनवर ‘व्हिडिओ लाईक करा, रोज दोन हजार कमवा’ असा मेसेज आला तर उघडूही नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. पेपरातल्या छोट्या जाहिराती जरूर वाचा, पण फक्त मोबाईल नंबर असलेल्या आणि कंपनीचं नाव-पत्ता नसलेल्या जाहिरातीवर प्रवासखर्च करू नका.

काम लागल्यावर

पहिल्या महिन्यात हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, ओटीच्या तासांसकट. पगाराच्या दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाशी तोंडी वाद घालण्यापेक्षा वही पुढं करणं सोपं. तीन महिन्यांनी उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेले पैसे तिथं दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर आधी ठेकेदाराला, मग कंपनीच्या एचआरला सांगा. ठेकेदारानं भरलं नाही तर मुख्य कंपनीची जबाबदारी येते, त्यामुळं एचआरवाले ऐकून घेतात.

लागलेलं काम आवडलं नाही तरी दुसरं हातात येईपर्यंत सोडू नका, आणि सोडताना न सांगता गायब होऊ नका. इथले मालक एकमेकांना फोन करतात. अनुभवपत्र, शेवटची पगार पावती आणि राहिलेल्या ओटीचा हिशेब घेऊनच निघा. पीएफवर काम सोडल्याची तारीख चढली आहे का तेही बघा. मालकानं ती भरली नसेल तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर यूएएनच्या पोर्टलवर ती तुम्हाला स्वतःला भरता येते.